टाकीतला समुद्र

दर ऑगस्टात, चर्चमागच्या पटांगणात
विस्तिन पडदा ताणतो, दोन चादरी, मधे शिवण,
आणि गाव आपापल्या खुर्च्या घेऊन येतं
माझ्या बापाला मरताना बघायला.

एकाहत्तर सालचा सिनेमा.
बुडालेल्या जहाजातली सात माणसं, एक नाव,
बिस्किटांचा एक डबा, आणि खाली काहीतरी.
ते काहीतरी ट्रॅक्टरच्या ट्यूबांचं होतं,
विस्तिननंच शिवलेलं. आतही तोच असायचा.

समुद्र कमरेइतका.
कालकाऱ्याच्या कड्यावर सिमेंटची टाकी,
तिचा काठ असा बेतलेला
की टाकीतलं पाणी संपतं कुठे
आणि खरं सुरू होतं कुठे, पडद्यावर कळू नये.
मी सात वर्षांची. पाव आणि टोमॅटो घेऊन
काठावर बसायचे.
वादळ चहासाठी थांबायचं.

बापाला घेतलं, कारण त्याला नावेत बसता येत होतं.
बाकीचे नट, रोमहून आलेले,
त्यांना टाकीतही पोटात ढवळायचं.
नाव आमचीच. भाड्यानं.
आमच्या माल्ट्यात नावेच्या नाकाशी दोन डोळे रंगवतात,
रस्ता तिनं बघावा म्हणून.
दिग्दर्शक म्हणाला, फार आनंदी दिसतेय,
आणि सगळीवर राखाडी रंग फासला.
रात्री बापानं जाऊन खिळ्यानं
एक डोळा खरवडून उघडला.
एकच. दुसऱ्यापर्यंत पहारेकरी आला.
तिसऱ्या रिळात नीट बघा,
ती एका डोळ्यानं बघतेय.

मग काड्या ओढतात. आखूड काडी नात्सयूला, माझ्या बापाला.
आखूडच येणार होती.
बोलण्याचे पैसे वेगळे पडत,
म्हणून न बोलणाऱ्याला आधी मारायचं ठरलेलं.

चाळिसाव्या मिनिटाला ट्यूब त्याचा पाय धरते.
किंकाळी त्याची नाही.
ती रोमच्या एका बंद खोलीत
कुणा परक्या माणसानं, बहुतेक जेवण झाल्यावर, मारलीय.
ओठ मात्र त्याचेच.
वर आवाज येतो: देवा, वाचव!
खाली ओठ म्हणतात
(किती ऑगस्ट गेले मला ते वाचायला)
"विस्तिन, सोड, चप्पल गेली."

बायका डोळे झाकतात. पोरं खुर्च्यांवर चढतात.
मला हसू येतं, दर वर्षी, त्याच जागी.

आठ वर्षांनी तो खरा गेला
तेव्हा वारा नव्हता. पाणी ताटासारखं सपाट.
नाव सापडली, दोन्ही डोळे उघडे,
त्याच आठवड्यात रंगवलेले.
तिनं काय पाहिलं ते तिनं सांगितलं नाही.
आई म्हणायची, समुद्र कुणाला पाण्यात पाहत नाही.
मला तेव्हा वाटलं, आई समजूत घालतेय.
आता वाटतं, तिला त्याचीच भीती वाटत होती.

कारण सिनेमात एक जागा आहे.
पुढे ट्यूब उसळतेय, सहाजण किंचाळतायत,
पाण्याच्या बादल्या उडतायत
आणि त्यांच्यामागे, टाकीच्या काठापलीकडे,
एक निळी पट्टी.
काहीच करत नाही.
नामावलीत तिचं नाव नाही.
सगळे ट्यूबकडे बघत असतात, मी तिच्याकडे.

विस्तिन ऐंशी पार. हात कापतात.
चाळिसाव्या मिनिटाशी फीत नेहमी तुटते,
तो चिकटवतो, दोन-चार चौकटी गळतात.
बापाचं मरण दर वर्षी थोडं आखडतं.
यंदा चप्पल गेली.
"विस्तिन, सोड," एवढंच उरलं.

खुर्च्या उचलताना त्यानं हाक मारली.
कापलेले तुकडे डबीत ठेवलेत, म्हणाला,
नेतेस?
मी म्हटलं, राहू देत तुझ्याकडे.
त्यानं दिवा मालवला.
भिंतीपलीकडे ते चालूच होतं,
पडद्याशिवाय.