काल

संकेश्वरच्या सरकारी दवाखान्यात
शेवटच्या वर्षाचे आम्ही सहा जण,
बेळगावहून कॉलेजच्या गाडीनं, पंधरा दिवसांसाठी.
सगळ्यांच्या गळ्यात स्टेथो, खिशात टॉर्च, हातोडी,
आणि माझ्या एकटीच्या खिशात
चिठ्ठीवर उतरवलेलं कन्नड:
एल्ली नोवु. एष्टु दिना. उसरा तगोरी.
कुठं दुखतं. किती दिवस. श्वास घ्या.

मी सेलूची.
बाकीचे पाच या दोन्ही भाषांत वाढलेले,
वाक्यात एकीतून शिरतात, दुसरीतून बाहेर पडतात,
चप्पलसुद्धा न बदलता.
मला सिस्टर फिलोमिना शिकवते, इंजेक्शन भरता भरता:
तले म्हणजे डोकं. मूगु म्हणजे नाक.
बाय म्हणजे तोंड, बाई नव्हे गं.
म्हणजे अर्ध्या शरीराची नावं मला येतच होती,
फक्त ती दुसऱ्याच कशाची तरी होती.

चार नंबरची खाट. दुंडव्वा मगदूम, वय अंदाजे साठ.
मिरचीच्या वखारीत दिवसभर उभ्यानं चाळण धरायची.
तिच्या पदराजवळ वाकलं की अजून शिंक येते.
एल्ली नोवु, मी विचारलं.
तिनं लुगडं जरा वर घेतलं, म्हणाली,
काल नोय्ताव्री.

केवढा आनंद झाला मला.
पहिलंच वाक्य, आणि आख्खं कळलेलं!
सुवाच्य अक्षरात लिहिलं:
पाय दुखणे, कालपासून.

अंकलगी मॅडम राउंडला आल्या. कागद वाचला,
मिटून माझ्याच हातात परत दिला.
म्हणाल्या, आता पाय वाच.

घोट्यावरची कातडी चिंचेच्या टरफलासारखी, काळी, कडक.
पोटरीभर निळ्या गाठी, ओल्या सुंभाच्या.
आतल्या अंगाला रुपयाएवढी जखम,
कडा हिरण्यकेशीच्या काठासारख्या उतरत गेलेल्या.
एका रात्रीत?
मॅडम काही बोलल्या नाहीत.
मागे अरळीकट्टी उगाच खोकला.

हन्नेरड वर्स आतरी, दुंडव्वानंच सांगितलं.
बारा वर्षं.
आणि काल म्हणजे पाय.
सिस्टर तेवढंच शिकवायची राहिली होती.

दुंडव्वाला घोळ कळला तेव्हा ती इतकी हसली
की सलाईनची बाटली हलायला लागली.
मग डोळे पुसत म्हणाली,
काल न्हवं पोरी, लई दिस झालं.
मी बघतच राहिले. मावशी, तुम्हाला मराठी येतं?
येतंय की.
मग मघाशी?
तूच कन्नडात इचारलंस.

कालपासून ही अक्षरं मी खोडली.
पेन इतकं दाबलं की खालच्या पानावर,
पाच नंबरच्या खाटेवर, वळ उठला.

संध्याकाळी गाडीत आईचा फोन.
काल किती वाट बघितली तुझ्या फोनची, म्हणाली.
बाहेर उसाच्या ट्रॉल्यांची रांग सरकत नव्हती.
मी जरा वेळ गप्प.
मग विचारलं,
आई, तुझे पाय कसे आहेत?