उजवा कान

मल्लेशम यंगल.
साखर पेठेत मागावर डावा कान गेलेला,
म्हणून गाणाऱ्यानं उजवीकडे बसायचं,
हा कॅसेट कंपनीचा पहिला नियम.
सूर त्याला कळत नसे.
"अक्कलकोटच्या एसटीत मागच्या बाकापर्यंत
पोचेल का?" एवढंच विचारी.

गंगव्वाची मी बेबी चंद्रकला झाले
चादरीच्या बिलामागं, सात वर्षांसाठी.
गड्ड्यावर पाळण्यापाळण्यातून माझाच गळा,
पैसे त्याच्या गल्ल्यात.
भावाचं ऑपरेशन मात्र
न विचारता त्यानंच करवलं.
तेही लिहून ठेवते इथं.

आता दुकानात मोबाइलची कव्हरं.
काल गेले, मुद्दाम डावीकडे बसले
आणि सगळं बोलले: रॉयल्टी, ते नाव,
त्यानं लावून घेतलेली इतर दारं.
तो मान डोलवत राहिला.
मग म्हणाला, "मुखडा बराय.
अंतरा कमी कर."