फरकाची रक्कम

डंडीत वर्ष संपतं पाच एप्रिलला.
का, ते मोहिराला कुणी सांगितलं नव्हतं;
मलाही नाही, आणि मी तर याच कामाचा पगार घेते.

ती आली तेव्हा टे नदीवरून तिरका वारा सुटला होता,
खालच्या दुकानातल्या तळलेल्या माशांचा वास जिन्यात अडकलेला.
पिशवीतून तिनं बुटांचं खोकं काढलं:
पावत्या, टाचण्या, एक अंगुस्तान,
मर्गिलानच्या रेशमाची चिंधी,
आणि नागरिकत्वाचा अर्ज, निळ्या शाईत, मध्येच थांबलेला.
"इथं अडले," म्हणाली.

इथं म्हणजे, जिथं माणसाची चालचलणूक विचारतात.

व्हिसा वाढवताना तिनं लिहिलं होतं:
वर्षाची कमाई एकोणीस हजार सातशे पौंड.
त्याच वर्षी करखात्याला कळवलं:
चौदा हजार दोनशे साठ.
दोन्हीखाली सही तीच,
शेवटच्या अक्षराला तीच गाठ,
दोरा तोडण्याआधी मारतात तशी.

खोटा आकडा कुठला?
"कमी आहे तो."
मग बराच वेळ खिडकीकडे पाहून,
"लग्नांच्या मोसमात रोख यायचे.
नवरीच्या मैत्रिणींचे सहा-सहा झगे,
सगळे कमरेत घ्यायचे, शनिवारच्या आत.
ते पैसे मला कमाई वाटलेच नाहीत.
दुकान बंद झाल्यावरचे होते ते."

पाच हजार चारशे चाळीस.
एवढ्या फटीत एक बाई रात्रीची शिवत बसलेली.

कर म्हणजे भरायचा तो,
आणि कर म्हणजे हात.
तिचे टेबलावर होते,
तर्जनीच्या टोकाला बारीक काळी भोकं.

मी सांगितलं ते कोरडंच होतं.
आधी आपण होऊन कळवायचं.
फरकावरचा कर, व्याज, बहुतेक दंडही.
अर्ज मागाहून. किती मागाहून, सांगता येत नाही.
चूक होती की लपवाछपवी
हे ठरवणारा माणूस तुम्हाला भेटणार नाही.
त्याच्यासमोर दोन आकडे असतील.

"आणि झगे?"

झगे नसतील.

तिनं अर्ज घडी करून खोक्याच्या तळाशी ठेवला.
"त्याआधीची दोन वर्षंही काढा," म्हणाली.
"अर्धीच शिवण उसवली की कापड ओढ घेतं."
मी न विचारता.
माझ्या फाइलीत त्या वर्षांचं काहीच नव्हतं.

जाताना तिला माझ्या कोटाची लोंबती किनार दिसली.
जिन्यातच बसली, दातांनी दोरा तोडला.
किती द्यायचे?
"सहा पौंड."
मी नाणी मोजून दिली.
तिनं नवं पावतीपुस्तक काढलं,
कार्बन सरळ केला,
तारीख विचारली
आणि माझं नाव एकेक अक्षर लावून लिहिलं, चुकीचं,
मग खोडून पुन्हा.

वरची प्रत मला.
खालची, जांभळी, खोक्यात.