दोनशे चौदा ओळी

लग्न माझं, ठरवलेलं मीच, आखलेलंही मीच.
लॅपटॉपवर दोनशे चौदा ओळी:
मानेवाड्याचं लॉन, अर्धे पैसे दिलेले,
इतवारीतून हळकुंडं, सुपाऱ्या, अंतरपाटाचं कापड,
कूलर बारा,
कारण तारीख अठरा मे
आणि अनुपच्या आत्याचं पंचांग
पुढे सरकायला तयार नव्हतं.

महावितरणात अकरा वर्षं फीडर सांभाळते मी.
कुठला लोड कुठे वळवायचा, कळतं.
बाबा म्हणाले, पैसे देऊन बाई कशाला?
तू एकटी पुरी आहेस.
हे ऐकलं
आणि त्याच संध्याकाळी फोन लावला.

उज्ज्वला ठवकर आल्या भर दुपारी दोनला,
डोक्याला दुपट्टा गुंडाळून, स्कूटीवरून.
मेयोत एकतीस वर्षं सिस्टर,
रिटायर झाल्यावर हे काम. एका दिवसाचंच.
"लगन तुमी करा बाप्पा, मी फक्त ड्यूटी करतो."

चष्मा कपाळावर चढवून त्यांनी सगळ्या ओळी वाचल्या.
मग विचारलं, पेशंट... म्हणजे नवरीचं जेवण किती वाजता?
मी स्क्रोल करत राहिले.
कॅटररच्या पोरांचं जेवण होतं, बँडवाल्यांचं होतं,
गुरुजींचा बिनसाखरेचा चहा होता.
"पर्स कोणापाशी?
बाथरूमले जाताना शालू कोण धरन?
आई नाही ना तुमाले?"
नाही, म्हटलं. आठ वर्षं झाली.
त्यांनी ते नुसतं लिहून घेतलं,
ॲलर्जी लिहून घेतात तसं.

पाच हजार म्हणाल्या. मी चारवर आणलं
आणि रात्री मेसेज करून
परत पाचवर नेलं.

अठरा मे. गोरज सहा बावन्नची.
सहा वीसला लाइट गेली.
बाराही कूलर एकदम गप्प,
आणि पाहुण्यांच्या हातांत पत्रिका हलायला लागल्या.
जनरेटर सुरू होता, चेंजओव्हर अडकलेला.
लॉनचा पोरगा त्यावर बुक्क्या मारत होता,
खोलीत बसून आवाजावरूनच मला कळत होतं.
मी उठले.

ठवकरबाई दारात. माझं मनगट धरलं.
अडवतायत, वाटलं मला,
पण नजर त्यांची स्वतःच्या घड्याळावर.
ओठ हलत होते.
"एकशे अठरा," म्हणाल्या.
"इथं बसून राहिल्या तर अजून चढन. जा.
पायात रबरी चप्पल घाला."

पाटल्या काढून त्यांनी रुमालात बांधल्या.
आत्या दचकल्या, चुडा नाही हं काढायचा!
"काढतो कोण?"
बॅगेतून क्रेप बँडेज निघालं.
हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या,
वरून घट्ट पट्टी, दोन्ही हातांना,
टोकाला सेफ्टी पिन.

शालूचा काठ दातांत धरून मी पॅनल उघडलं.
मागून टॉर्च त्यांचा,
एकदाही हलला नाही.
हँडल पूर्ण खाली घेतलं, थांबले, मग वर.
कूलर खोकले आणि लागले.
कुणीतरी टाळ्या वाजवल्या, बहुतेक अनुपनेच,
मुंडावळ्या एका हाताने बाजूला करून बघत होता वेडा.

मग स्टीलचा पेला पुढे आला.
कैरीचं पन्हं. उभ्यानेच प्यायले.
सकाळपासून पोटात काही नव्हतं
हे पेला रिकामा झाल्यावर कळलं.
"दोनशे पंधरा," त्या म्हणाल्या,
आणि माझ्या ओठांवरचं पुसलं,
पदराने नाही, गॉजच्या तुकड्याने.

उजव्या हाताची पट्टी सोडली.
डाव्या हाताची राहून गेली, मुहूर्त गाठायचा होता.
सगळ्या फोटोंत आहे ती,
हार घालताना, सप्तपदीत,
आत्यांच्या पाया पडताना तर अगदी पुढे.
अल्बम बघणारे बाबांना विचारतात, हे काय?
बाबा माझ्याकडे बघतात.
सांगा, म्हणते मी,
लागलं होतं थोडं.