विषय सोडून

सहामाही परीक्षा, नववी ब.
प्रश्न चौथा, गुण पाच:
‘रजा मिळण्यासाठी मुख्याध्यापकांना अर्ज लिहा.’
बेचाळीस पोरांना ताप आला होता.
त्रेचाळिसावी हमीदा जुम्मा तडवी.

महोदय,
मंगळवारी आईला जळगावला सिव्हिलला नेले.
रात्री एक कागद आला. वडिलांचा अंगठा घेतला.
सिस्टर म्हणाली, शाळेत जातेस ना, मग कर खाली सही.
सहीच्या जागी साक्षीदार असे छापले होते.
साक्षीदार म्हणजे ज्याने डोळ्यांनी पाहिले तो,
असे आमच्या सरांनी शिकवले आहे.
मी काहीच पाहिले नव्हते.
वर बारीक अक्षरात सगळे इंग्रजी होते.
तरी मी सही केली त्यात काय लिहिले होते
ते मला कळवावे, ही नम्र विनंति.
आपली आज्ञाधारक.

यावलच्या खोलीवर मी गठ्ठा तपासत होतो,
खाली केळीचा ट्रक भरत होते.
वेलांटी चुकली, अर्धा गुण.
दिनांक नाही, अर्धा.
समासात लाल शाईने लिहिलं,
विषय सोडून.
पाचपैकी दोन.

पेपर वाटले तेव्हा तिने फक्त बेरीज मोजली
आणि पाहिल्याची सही करून
परत दिला.

ती सही मला वाचता यायला
जानेवारी उजाडला.
मधल्या सुट्टीत विचारलं, आई कशी आहे?
म्हणाली, पिशवी काढली म्हने.
आम्हाले मंग समजलं.

तेव्हापासून शुक्रवारचा शेवटचा तास मी
टेबलामागे बसून उर्मट होतो.
कधी बँकेतला, कधी तलाठ्याकडचा, कधी दवाखान्यातला.
खरेच फॉर्म आणतो, मागची बाजू कोरी असलेले.
पोरं रांगेत येतात. मी खेकसतो,
चल, कर सही, मागे लोक थांबलेत.
आणि त्यांनी, हात न थरथरता, म्हणायचं:
काय लिहेल हाये ते वाचून दाखवा. मंग करतो.

पहिल्या शुक्रवारी सगळे हसले.
सरपंचाच्या पोराने कोऱ्या कागदावर तीनदा सही केली,
झोकदार, खाली दोन टिंबं देऊन.
हमीदा इतक्या हळू बोलली
की मी माझ्या सोंगातच ओरडलो, काय?
तिने पुन्हा म्हटलं.
मग वर्गाला पंख्याचा आवाज ऐकू आला.

हे कुठल्या घटकात बसतं,
असं मुख्याध्यापकांनी विचारलंय, लेखी.
उत्तर अजून दिलेलं नाही.

काल बोंडे क्लार्क कागद घेऊन आले,
सर, इथे, इथे आणि इथे.
एकोणीस वर्षं मी इथे, इथे आणि इथे करत आलो.
पेनाचं टोपण काढून झालं होतं.
म्हटलं, वाचू द्या.
बोंडेंनी घड्याळ पाहिलं.
पहिल्याच ओळीत एक शब्द अडला.
बोंडेंना विचारला.
त्यांनाही येत नव्हता.