वॉशर

डंडीत तागाच्या एका जुन्या गिरणीत
आता कलादालन आहे.
तिथल्या तिसऱ्या खोलीत एक नळ गळतो.
भिंत पांढरी, नळ पितळी, खाली बादली नाही, मोरी नाही,
फरशीवर नुसता पसरत जाणारा ओला डाग
आणि दाराशी पाटी: 'शीर्षक नाही'.

माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण या नळावर आहे.
त्रेचाळीस पानं.
मी लिहिलंय, थेंब म्हणजे उच्चार,
आणि दोन थेंबांमधली वाट पाहणं म्हणजे भाषा.
मार्गदर्शकांनी समासात लिहिलं: छान. पण कशावरून?
त्या 'कशावरून'पाशी मी दोन हिवाळे बसून आहे.

ऑक्टोबरात तात्या आले.
इचलकरंजी नगरपालिका, पाणीपुरवठा, फिटर, चौतीस वर्षं.
पहिला प्रश्न: इथं पाणी किती वाजता येतं?
दिवसभर येतं म्हटल्यावर
त्यांना या देशाबद्दल आदर वाटला
आणि थोडा संशयही.

गिरणी बघून मात्र खुलले.
बिडाच्या खांबावर हात ठेवून म्हणाले,
शाफ्ट इथून जात असणार. पट्टा असा खाली.
मी म्हटलं, तात्या, चित्रं बघा.
एका काळ्या चौकोनापुढे ते बराच वेळ थांबले.
मला वाटलं, भिडलं.
'खिळा तिरका मारलाय,' म्हणाले.

मग तिसरी खोली.
टप्.
हंबरणं ऐकून गाय वळवते तशी त्यांनी मान वळवली.
टप्.
'याला काही अर्थ आहे का?'

हेच. अगदी हेच वाक्य
माझ्या अठराव्या पानावर आहे, सात तळटीपांसकट.
पण आमच्या घरात तो प्रश्न नव्हताच कधी.
दूध उतू गेलं, दिवसाढवळ्या दिवा जळत राहिला,
आत्या नांदायला जाऊन तिसऱ्या दिवशी पिशवी घेऊन परत आली,
याला काही अर्थ आहे का!
आणि म्हणणारा माणूस म्हणता म्हणता उठलेला असायचा,
गॅस बारीक करायला,
बटण बंद करायला,
आत्याचं ताट घ्यायला.

मी तोंड उघडलं, म्हणजे त्या कलावंताला असं म्हणायचंय की
तोवर कोटाच्या खिशातून पाना निघाला.
मफलरीत गुंडाळून, सहा हजार मैल आणलेला.
भिंतीमागचा कॉक त्यांना कसा सापडला, मला अजून कळलेलं नाही.
दोन वळसे, चिमटीत काहीतरी काळं,
एक वळसा उलटा.

मग काहीच ऐकू आलं नाही.

एल्स्पेथबाई, त्या खोलीच्या राखणदार,
खुर्चीवरून उठल्या.
आता पोलीस, मला वाटलं.
त्या नळापाशी जाऊन कान देऊन उभ्या राहिल्या.
मग म्हणाल्या, एकोणीस महिने झाले.
घरी गेले तरी उशीत गळतो मेला.
माझी आई याच मजल्यावर मागाशी उभी असायची,
चाळिशीत ठार बहिरी झाली,
आणि तिची मुलगी थेंबाला कंटाळते, बघा.

तात्यांना यातलं अक्षर कळलं नाही.
खांबाकडे बोट करून ते मला म्हणाले,
'विचार त्यांना, इथल्या बाया बहिऱ्या व्हायच्या का.
आमची आई झाली होती.'
मी विचारलं.
बाईंनी तात्यांच्या हातातल्या तुकड्याकडे बघून विचारलं, हे काय?
वॉशरला वॉशरच म्हणतात,
चार वर्षांच्या तत्त्वज्ञानातून एवढंच भाषांतर मला करता आलं.

सोमवारी तंत्रज्ञाने नळ पुन्हा गळता केला.
पूर्वीइतकाच गळावा म्हणून दोन तास लागले त्याला.
काढलेला वॉशर लिफाफ्यात घालून मला पाठवला,
वर लिहिलेलं: पाहुण्याची वस्तू.

तो दुसऱ्या प्रकरणावर ठेवलाय.
पानं दाबून धरण्याइतका जड नाही.

तात्या फोनवर दर रविवारी विचारतात, 'टिकलाय ना?'
मी म्हणते, टिकलाय.
'टिकणारच,' म्हणतात,
'रबराचा नाही घातला. चामड्याचा होता.'