हात हलवत

देवळाली कॅम्पात एका कर्नलच्या बंगल्याचं सामान विकायला निघालं
तेव्हा मी गेले होते शिलाई मशीन बघायला.
घेऊन आले ही काठी.
चार तुकड्यांची, कापडी म्यानात, अंगाने हलकी.
रिक्षावाला म्हणाला, पडद्याचा रॉड का?
मी हो म्हटलं.

प्रेसमध्ये एकतीस वर्षं नोटा उजेडाला धरल्या.
धागा जागेवर आहे का, एवढंच माझं काम.
आता धागा मी बसवते:
चौदा नंबरच्या गळावर, भिंगाखाली,
भगूरच्या चिकनवाल्याकडून मागून आणलेलं कोंबड्याच्या मानेचं पीस
आणि विरलेल्या पदरातली दोन पेरं जर.
एका रात्रीत एक माशी होते. कधी होत नाही.
सुनेने एकदा टेबलावरची बघून चप्पल उचलली.
तेवढी दाद मला पुरते.

मे महिन्यात मुकण्याचं पाणी पार आत सरकतं.
भेगाळल्या गाळावर बगळ्यांच्या पायांची नक्षी,
आणि मध्येच एक डांबरी रस्ता,
साधा, खड्ड्यांचा,
न थांबता पाण्यात उतरलेला.
मी त्याच्यावरच उभी राहते, गुडघ्याएवढ्या पाण्यात.
पायाखाली डांबर आहे याचा धीर वाटतो.

दोरी मागे जाते.
थांबायचं.
ती पुरती उलगडू द्यायची, मगच हात पुढे.
हे थांबणंच जमत नाही अजून.
सातच्या पाळीचा भोंगा
निवृत्त झाला नाही माझ्याबरोबर,
तो मनगटात वाजतो, आणि माशी
माझ्याच पाठीला येऊन डसते.

कचरू बेंडकोळी ट्यूबवर बसून जाळं आवरत असतो.
त्याच्या घमेल्यात चिलापीची फडफड.
"मावशी, माशीनं मासा घावतो का?"
त्याची पोरं काठावरून लगेच:
मावशी माशी मासा! मावशी माशी मासा!
तिन्ही शब्द पाण्यावर भाकऱ्या काढत
पार पलीकडच्या बाभळींपर्यंत.

कचरू गळ टाकतो, जाळं टाकतो.
मी गळ घालते.
आमची आई गळ घालायची तशी,
दाराशी आलेल्याला, जेवूनच जा म्हणून:
ये बाबा. खोटी आहे, लपवत नाही.
पण डोळे फोडून केलीय.

आणि एका संध्याकाळी तो आला.
आधी पाण्याला एक खळी पडली,
मग काठी वाकली, मग मी.
चिलापी नव्हे. खडशी.
हातभर, तांब्याच्या जुन्या भांड्याच्या रंगाची,
ओठांत माझी जर लुकलुकत.
हात ओले करून धरली. गळ काढला.
माझ्या तळव्यांत ती थोडा वेळ नुसतीच उभी होती,
जायचं विसरल्यासारखी.
मग नव्हती.

कचरू वल्हं थांबवून बघत होता.
"सोडला?"
"सोडला."
"किलोभर तरी असता."
मग बराच वेळ काहीच नाही. एक टिटवी ओरडून गेली.
मग तो म्हणाला, "तुम्ही उभ्या हायेत ना,
तिथून दहा पावलं पुढं आमचं खळं.
लहानपणी नागली झोडलीय मी तिथं.
बैलगाडी ह्याच रस्त्यानं यायची."
मी पाण्याकडे पाहिलं. दहा पावलं.
माझी दोरी तिथेच पडलेली होती, सैल.
"म्हणजे मासा तुझाच होता की."
तो हसला.
"सोडला ना तुम्ही. आता कुणाचा?"

घरी यायला नऊ वाजले.
सून दारातच म्हणाली, आजही हात हलवत?
हो गं. दिवसभर हलवत होते,
खांदा भरून आलाय.
कढी गरम करायला ठेवली, घड्याळ काढलं,
तर पट्ट्याखाली चिकटलेला एक खवला.
ट्यूबलाइटच्या उजेडाला धरला.
सवयच.